नलूताईचं दिवसाआडचं जेवण

नलूताईची तेरवी आटोपली होती. मांडव सुटला होता, पाहुणे नागपूर-छिंदवाड्याच्या गाड्यांनी आपापल्या घरी गेले होते आणि मी भाड्यानं आणलेली मोठी भांडी परत द्यायची म्हणून मागच्या अंगणात घासत बसले होते. तेवढ्यात पुण्याहून फोन आला. “मी श्रुती, मॅमची विद्यार्थिनी,” पलीकडची मुलगी म्हणाली. “मॅमच्या पेशी जिवंत आहेत… त्यांचं पुढं काय करायचं ते तुम्ही सांगाल, असं मॅमनी सांगून ठेवलं होतं.” माणूस गेल्याचा निरोप आला तर काय करायचं हे आपल्याला ठाऊक असतं. हातातलं काम टाकून खाली बसायचं, रडायचं, चार ठिकाणी कळवायचं. पण जिची राख आम्ही कन्हानच्या पाण्यात सोडून आलो होतो, तिचा चिमूटभर भाग पुण्यात अजून जिवंत आहे, हा निरोप ऐकून काय करतात ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी “कळवते” म्हटलं आणि पुन्हा घमेल्यात हात घातला.

मी नलूताईची वहिनी, तिच्या मोठ्या भावाची बायको. वयानं आम्ही सारख्याच, पण ती नणंद, म्हणून तोंडावर अहो-जाहो आणि मनात अगं-तुगं असं आमचं आयुष्यभर चाललं. आता लिहिताना मनातलंच वापरते. ती असती तर म्हणाली असती, एवढ्या वर्षांनी वहिनी खरं बोलून राहिली. पांढुर्ण्याहून लग्न होऊन मी सौंसरला आले तेव्हा ती कॉलेजात होती. सासरच्या पहिल्या महिन्यातली एक दुपार मला स्वच्छ आठवते. घरात वजडी आणली होती, म्हणजे बोकडाची आतडी. मी ती धुवायला घेणार तर नणंदबाई पाटावर बसलेल्या, पुढ्यात परात, हातात दाढीचं पातं आणि डोळ्याला भिंग. आतड्याचा एक तुकडा उभा चिरून तिनं उलटा पसरला होता. “वहिनी, हात लावून पाय,” ती म्हणाली, “मखमल आहे मखमल.” मी नवी नवरी, नणंदेचा शब्द कसा मोडायचा म्हणून मी बोट लावलं. खरंच मखमल होती. ओलसर, बारीक लव असलेली, आणि बोटाखाली ती किंचित सरकल्यासारखी वाटली. मी हात मागं घेतला तेव्हा ती हसली नाही. “मलेही तसंच वाटलं,” एवढंच म्हणाली. त्या दिवशी वजडीची भाजी मी केली, पण खाल्ली नाही. तिनं मात्र दोनदा मागून घेतली.

त्या मखमलीनं तिला पुढं पुण्यापर्यंत नेलं. आधी शिक्षण, मग मोठ्या संस्थेतली नोकरी, मग स्वतःची प्रयोगशाळा. दिवाळीला घरी आली की संत्र्याच्या बागेत फिरताना ती मला तिचं काम समजावून सांगायची, आणि तिच्या समजावण्यात शिक्षिकेचा आव नसायचा. आतड्याच्या आतल्या त्या मखमलीच्या बुडाशी बारीक विहिरी असतात, विहिरींच्या तळाशी मूळपेशी बसलेल्या असतात, आणि त्या रात्रंदिवस नव्या पेशी तयार करून वर ढकलत राहतात. वरची साल आठवड्याच्या आत झडून जाते. “म्हणजे मागच्या रविवारी तुझी भाजी ज्यानं खाल्ली ते आतडं आता माह्याजवळ नाहीच,” ती म्हणायची. मी म्हणायची, “मग मीठ जास्त होतं हे बरं आठवते तुम्हाला.” या मूळपेशींना थांब म्हणणारे निरोप शेजारच्या पेशींकडून येत असतात. कधी एखादी पेशी ते निरोप ऐकेनाशी होते, वाढतच राहते, आणि तिथून कॅन्सर सुरू होतो. ती ऐकेनाशी नेमकी केव्हा होते, हाच तिचा जन्मभराचा शोध. एकदा बागेत एका झाडावर सरळसोट वाढलेला, गडद हिरवा पानसोट दिसला. असल्या फांदीला फळ धरत नाही, ती नुसतं झाडाचं अन्न खाते, म्हणून आम्ही ती दिसली की छाटतो. नलूताईनं तिच्या पानांवरून हात फिरवला. “साऱ्या झाडात हीच सगळ्यांत निरोगी दिसते, नाही का?” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात कौतुक होतं, ते मला मुळीच आवडलं नाही.

मग तिला तोच रोग झाला. लोक म्हणाले, केवढा योगायोग. काही जण दबक्या आवाजात याहून वाईट म्हणाले, की तिनं ज्याचा पिच्छा पुरवला तो उलटून अंगावर आला. मी त्यांच्याशी भांडले. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं. शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्यातले दोन तुकडे तिनं सगळ्या परवानग्या घेऊन आपल्याच प्रयोगशाळेत मागवले. एक रोगाचा, एक त्याच्या शेजारच्या चांगल्या आतड्याचा. दोन्हींतल्या पेशी वेगवेगळ्या बशांमध्ये वाढवल्या, आणि त्यांची इवली इवली गोल आतडी तयार झाली. औषधाची बाटली चढवून आली की ती दवाखान्यातून थेट तिकडं जायची. एकदा फोनवर म्हणाली, “आज भेटून आली.” मी विचारलं, “कुणाला?” ती म्हणाली, “मलेच.” मी विषय बदलून बागेतल्या बहाराचं काहीबाही बोलत राहिले, पण ती ऐकत नव्हती. “वहिनी, माहे केस गेले, नखं काळी पडली… अन् तिथं मी कशी टवटवीत हाय.”

शेवटचे दोन महिने ती सौंसरला आली. औषधं थांबली होती. पोटात काही ठरेना. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ऐंशी ओलांडलेल्या, पण लेकीसाठी रोज चुलीपाशी. पातळ भात, मुगाचं पाणी, संत्र्याचा रस गाळून, जे सुचेल ते. नलूताई एक चमचा तोंडात घ्यायची, आईसमोर गिळायची, आणि आई वळल्या की मी पुढं धरलेल्या भांड्यात ते सगळं परत यायचं. आईंना ते कळत होतं. त्या वळून उभ्या राहायच्या ते मुद्दामच. एका सकाळी मी तिचे पाय चेपत होते तेव्हा ती म्हणाली, “मी गेल्यावर श्रुती तुले फोन करंल. पेशी ठेवायच्या का टाकायच्या, ते तू सांगजो. कागदावर मी परवानगी दिली आहे, पण घरचं कोणी नको म्हणलं तर टाका, असं सांगून ठेवलं. दादा नुसता रडंल, आई हट्ट धरंल. तू आधी भांडशील, मग विचार करशील.” मी विचारलं, “अन् तुमची इच्छा काय आहे?” ती हसली. हसताना तिचे दात फार मोठे दिसायला लागले होते. “माह्या इच्छेचं काय घेऊन बसली? त्या पेशी माह्या इच्छेनं चालत असत्या तर मी अशी पडली असती का?”

ती गेली तेव्हा घरातच गेली, मधल्या खोलीत. आमच्याकडं ज्या जागी जीव जातो तिथं पीठ पसरून दिवा लावतात, वर टोपली पालथी घालतात आणि नंतर टोपली उचलून पाहतात की पिठावर कसलं पाऊल उमटलं. त्यावरून माणूस कोणत्या जन्माला गेला ते समजतं म्हणे. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे आणि माझा यावर विश्वास नाही. पण सासरे गेले तेव्हा पिठावर चिमणीची पावलं निघाली होती, आणि तेव्हापासून आई अंगणातल्या चिमण्यांना दाणे टाकताना “घ्या ना” म्हणतात, “घे” म्हणत नाहीत, हेही मी रोज पाहते. नलूताईच्या वेळी टोपली उचलली तेव्हा आम्ही सगळे वाकून पाहत होतो. पीठ कोरं होतं. कोरं म्हणजे किती, तर मी स्वतः ते हातानं पसरलं होतं, त्यावर माझ्या बोटांच्या रेघा राहायला हव्या होत्या, त्याही नव्हत्या. आत्ताच चाळणीतून पडल्यासारखं सपाट. आई खाली बसल्या आणि पिठाकडं पाहत म्हणाल्या, “कुठीच गेली नाई ते.” त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. चालता चालता मधल्या खोलीच्या दाराशी थांबायच्या आणि कान देऊन उभ्या राहायच्या.

म्हणून पुण्याचा फोन आला त्या संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, घाबरतील किंवा रडतील. त्यांचा चेहरा मात्र एकदम उजळला. “म्हंजे डोळा काढून ठेवला तिचा!” आता संत्र्याच्या मुलखाबाहेरच्यांसाठी सांगते. संत्र्याचं झाड आम्ही बी लावून करत नाही. जंबेरी लिंबाचं रोप वाढवतो, तो खुंट. चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा फुटायच्या बेतातला कोंब सालीसकट काढतो, त्याला डोळा म्हणतात. तो खुंटाच्या सालीत भरून घट्ट बांधला की वर संत्र्याचं झाड येतं. आमच्या आजेसासऱ्यांनी लावलेलं पहिलं झाड कधीच वठून जळणात गेलं, पण आज बागेत उभं आहे ते सगळं त्याच्याच डोळ्यांवरचं. आईंचं म्हणणं, झाड एकच, ते मेलंच नाही. तेव्हा त्यांनी मला अगदी कामाच्या आवाजात विचारलं, “अन् खुंट कोनता घेतला?”

“आई, माणसाचं तसं नसते,” मी म्हटलं.

“काऊन नसते?”

मी पेशी, मूळपेशी, असलं काहीतरी बोलत राहिले. आईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि आपला हात लुगड्यावरून ओटीपोटावर ठेवला. “ते उगवली त इथंच होती,” त्या म्हणाल्या. “मंग इथं नाई का भरता येत?” बाहेर अजून उजेड होता, रस्त्यावरून मोहगावची बस चालली होती, आणि मला त्या हाताकडं पाहवेना. दुसऱ्या दिवसापासून आई जेवायला लागल्या. वेणी घालून घेतली. मधली खोली सारवल्यासारखी पुसून काढली, नलूताईच्या उशांना ऊन दाखवलं. माझे यजमान मला बाजूला घेऊन म्हणाले, “सांगून टाक पुण्याला, पेशी फेकून द्या म्हणून. आई तिची वाट पाहून राहिली. हे चांगलं नाही.” ते मलाही दिसत होतं. पेशी ठेवल्या तर आई वाट पाहतच राहणार. टाकल्या तर त्यांची लेक दुसऱ्यांदा जाणार, आणि या खेपेला मी सांगितलं म्हणून जाणार. मी दोन्ही बाजूंनी स्वतःशीच भांडून घेतलं, आणि मग नागपूरहून पुण्याची गाडी धरली. ठरवून गेले होते की पाहायचं, हात जोडायचे आणि टाका म्हणून सांगायचं.

श्रुती तिशीच्या आतली, बारीक, डोळ्यांखाली काळं आलेली मुलगी. तिनं मला पांढरा कोट घातला आणि आतल्या खोलीत नेलं. भिंतीशी एक छोटं पोलादी कपाट होतं. तिनं त्याचं दार उघडलं आणि ऊब माझ्या तोंडावर आली. शेगडीची नव्हे, अंगाची ऊब. झोपलेल्या माणसाच्या पांघरुणात हात गेला की लागते तेवढीच. श्रुतीनं आतून झाकणाची एक बशी काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मी डोळा लावला. पिवळसर उजेडात गोल, नितळ गोळे तरंगल्यासारखे दिसले, काही एकटे, काही एकमेकांना चिकटलेले, साबणाच्या फेसासारखे. फार सुंदर होते. मी म्हटलं, “ताई…”

“या रोगाच्या आहेत,” श्रुती हळूच म्हणाली.

“अन् चांगल्या?”

तिनं कपाटाचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, “चांगल्या पेशी फार नाजूक असतात. त्यांना वाढ म्हणून सांगणारी सगळी द्रव्यं वेळच्या वेळी द्यावी लागतात. आम्ही देतच होतो, काही बदललं नव्हतं. मॅम गेल्या त्या आठवड्यात त्या सगळ्या काळ्या पडल्या. थोड्या गोठवून ठेवल्या होत्या, त्या बाहेर काढल्या, पण त्याही उठल्या नाहीत.” मी कारण विचारलं. ती म्हणाली, “कारण असणार काहीतरी. मला सापडलं नाही.” आणि रोगाच्या? “यांना कुणी वाढ म्हणून सांगावं लागत नाही. यांना नुसतं अन्न लागतं.”

मी पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं. आता ते गोळे मला पाहवेनात आणि डोळाही काढवेना. माझ्या नणंदेला आतून खाऊन संपवणारा तो इथं उबेत बसला होता, लख्ख, तुकतुकीत. मी आयुष्यात कुणाला दिली नाही अशी शिवी मी त्याला दिली, मोठ्यानं, आणि श्रुतीनं ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हटलं, ओत यावर ॲसिड, आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर. ती म्हणाली, “ओतते. तुम्ही म्हणालात तर लगेच. पण मॅम यांच्यावर नवी औषधं करून पाहायला सांगून गेल्यात. आम्ही यांना जगवतो ते या कशानं मरतात हे कळावं म्हणून. अशाच पेशी असलेले पेशंट आज आमच्या यादीत आहेत.” मग जरा घुटमळून म्हणाली, “आणि मॅम म्हणायच्या, ही पण मीच आहे. शत्रू म्हटलं की नीट बघणं होत नाही.”

आम्ही बोलत होतो तोवर तिनं बशीतलं जुनं पाणी काढून नवं भरायला घेतलं. नवं पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल-गुलाबी होतं, काढलेलं पिवळं. मी विचारलं, हे काय. “त्यांचं जेवण. दिवसाआड बदलतो. खाल्लं की पिवळं पडतं.” नेमका तेव्हा माझ्या पर्समधला फोन वाजला. घरून, आईंचा. मी घेतला आणि स्पीकर लावून टेबलावर ठेवला.

“पोचली का व वंदना? भेटली का ते?”

“भेटली, आई.”

“कोन पायते तिच्याकडं?”

“श्रुती आहे. चांगली पोरगी आहे. तीच सगळं करते.”

“काई खाते का ते?”

मी श्रुतीकडं पाहिलं. तिच्या हातात ते पिवळं पाणी होतं. “खाते, आई,” मी म्हटलं. “दिवसाआड देतात. सगळं खाते.”

आई रडायला लागल्या. लेक गेली तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, सरणावर ठेवली तेव्हा नाही, टोपली उचलली तेव्हाही नाही. आता पोटातून हुंदके येत होते आणि त्यांत त्या मधूनमधून म्हणत होत्या, “पोटाला उपाशी गेली होती वो… उपाशी गेली होती माही लेक.” त्यांना लेकीचा पुढचा जन्म कोणता, याचं दुःख नव्हतंच. इतके दिवस त्यांच्या घशात अडकून बसलं होतं ते हे होतं. रडून झाल्यावर नाक पुसून म्हणाल्या, “खाऊन राहिली त राहू दे तिले. खुंटाचं मागून पाहू.” फोन बंद झाला. मी श्रुतीला म्हटलं, “ठेवा.”

“आजींना खरं काय ते सांगायला नको?” तिनं विचारलं. “मॅमना असं चाललं नसतं.”

“तू सांग. लावून देते फोन.” तिनं फोनकडं पाहिलं आणि हातमोजे काढून टाकले. नंबर मात्र तिनं घेतला, आणि आपलाही दिला.

याला आता काही आठवडे झाले. मधल्या खोलीत नलूताईच्या उशा तशाच आहेत, पण आई आता तिथं कान देऊन उभ्या राहत नाहीत. खुंटाचा विषयही काढत नाहीत. त्याऐवजी दिवसाआड दुपारी, आपल्या ताटावर बसायच्या आधी, त्या माझ्याकडून श्रुतीला फोन लावून घेतात. “जेवली का व ते?” श्रुतीला आता ते सवयीचं झालं आहे. पहिल्यांदा ती अडखळली होती, आता म्हणते, “जेवल्या आजी, सगळं संपवलं.” मागच्या आठवड्यात तिचा आवाज वेगळा होता. म्हणाली, “आता दिवसाआड पुरत नाही आजी, रोज द्यावं लागतंय.” आईंना कोण आनंद झाला. “देत जा बाई, मागंल तेवढं देत जा. भुकेली नको ठेवू.” फोन बंद झाल्यावर त्यांनी भाताचा पहिला घास घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि हिशेब लावल्यासारखं विचारलं, “इतकं खाऊन राहिली, त आता केवढी झाली असंल व?”

मी त्यांच्या ताटात वरण घातलं. “खूप मोठी झाली, आई,” मी म्हटलं. “थांबतच नाही.”